मेन स्विचला कुलूप पाहिजे

हे खरं आहे. पटत नसेल तर नारायण पेठेत या, श्रीशिल्प अपार्टमेंट विचारा आणि आमची लिफ्ट बघून जा. फक्त दुपारी एक ते चार येऊ नका. त्या वेळात आमच्याकडे कोणी दार उघडत नाही. आणि लिफ्टमध्ये...

येईल, ते पुढे येईल.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. अशा किश्श्यांना अमावास्येची रात्र लागते, लांबवर रडणारं कुत्रं लागतं. माझ्याकडे यातलं काही शिल्लक नाही. आमचं गेट रात्री साडेनऊला बंद होतं. त्यानंतर येणाऱ्या भुतालासुद्धा वहीत नाव, वेळ आणि कोणाकडे जायचंय ते लिहावं लागेल. जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार. एक वाजून सात मिनिटं.

मी केदार. खराडीत एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातले दोष शोधायचे, लिहून द्यायचे आणि ते कोणी वाचत नाही हे बघत बसायचं. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. घर म्हणजे मंदाकिनी आत्याचं. चौथा मजला, सगळ्यात वरचा. आत्या निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. लिफ्ट बंद म्हणजे आत्या घरात बंद.

ती लिफ्ट चालू ठेवायचं काम सुदर्शनकडे होतं.

सुदर्शन वाशिमकडचा. वारज्यात एका खोलीत बायकोबरोबर राहायचा आणि 'वायुवेग एलिव्हेटर सर्व्हिसेस' नावाच्या कंपनीतर्फे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी यायचा. कंपनीच्या नावात वायू होता आणि वेग होता. प्रत्यक्षात सुदर्शन होता आणि त्याची एक पिशवी होती.

त्याची पद्धत ठरलेली. जिन्याखालचं मीटरचं कपाट उघडायचं. लिफ्टचा मेन स्विच बंद करायचा. त्यावर 'काम चालू आहे' अशी पुठ्ठ्याची पाटी अडकवायची. चपला काढून कपाटाशी ठेवायच्या, पिशवीतले बूट घालायचे आणि मग लिफ्टच्या छतावर चढायचं. वर बसून तेल, दोर, दरवाज्याचे खटके बघायचे.

लिफ्टच्या छतावर एक लाल बटण असतं. माणूस वर असताना ते दाबलं की खालून कोणी काहीही करो, लिफ्ट हलत नाही. आमचं लाल बटण वर्षभर बिघडलेलं होतं. म्हणजे वर असताना सुदर्शनचा जीव एका गोष्टीवर होता. जिन्याखालच्या त्या मेन स्विचवर. आणि त्या कपाटाला कुलूप नव्हतं.

हे त्याने लिहून दिलं नव्हतं असं नाही. दर महिन्याला काम झालं की तो एक चिठ्ठी भरायचा. काय केलं, काय राहिलं. शेवटच्या ओळीत कायम तेच.

'मेन स्विचला कुलूप पाहिजे.'

खाली सोसायटीच्या सेक्रेटरींची सही. यज्ञेश्वर परचुरे. पहिला मजला, सरकारी खात्यातून निवृत्त. काका दर जानेवारीत वर्षभराच्या बारा कोऱ्या चिठ्ठ्यांवर एकदम सह्या करून ते पुस्तक लिफ्टमध्येच एका प्लॅस्टिकच्या पाकिटात अडकवून ठेवायचे. का? तर दर महिन्याला कोणी बेल वाजवून झोपमोड करू नये म्हणून.

मी एकदा विचारलंही होतं.

"काका, चिठ्ठीत काय लिहिणार हे माहीत नसताना सही कशी करता?"

"पस्तीस वर्षं केली," काका म्हणाले. "काही अडलं का कुणाचं?"

तर तो मंगळवार.

साडेबाराच्या सुमारास सुदर्शनने आमची बेल वाजवली. "दादा, पाणी भेटन का थंड?" मी बाटली दिली. "आज वेळ लागते थोडा. दरवाज्याचा खटका घासला पुरा. आजीले सांगा, अर्धा-पाऊन तास लिफ्ट बंद राहीन." आत्या आतून म्हणाली, "आजी कोणाला म्हणतोस रे?" तो हसला. बाटली घेऊन गेला.

एक वाजून पाच मिनिटांनी परचुरे काका बाहेरून आले. लिफ्ट बंद. कपाट उघडलं. मेन बंद. स्विचवर पाटी. खाली चपला. वरून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट कधी चालू होणार म्हणून. काकांनी घड्याळ बघितलं.

एक वाजून गेला होता.

आमच्या पेठेत एक वाजून गेला म्हणजे माणूस काम करत नसतो. दुकानाचं शटर खाली, फोन उलटा, पडदा ओढलेला. कोणी काम करत असेल हे इथे कुणाच्या डोक्यातच येत नाही. काकांच्याही आलं नाही. तो जेवायला गेला असणार. त्यांनी पाटी काढली. नीट, भिंतीला टेकवून ठेवली. आणि खटका वर केला.

चौथ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबून उभं होतं. लिफ्ट वर निघाली.

आमची लिफ्ट चौथ्यावर थांबली की तिचं छत आणि वरचा स्लॅब यांच्यामध्ये जेमतेम एवढी जागा उरते की माणूस बसू शकतो. उभा राहू शकत नाही.

सुदर्शन उभा होता.

हे सगळं, म्हणजे पाटी, घड्याळ, खटका, परचुरे काकांनी पहिल्या तासात स्वतःच सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी पंचनाम्याच्या वेळी त्यांना आठवलं की मेन आधीपासून चालूच होता. आणि गंमत बघा... आम्हा सगळ्यांनाही तसंच आठवायला लागलं.

आठ दिवसांनी मीटिंग झाली. दोन मिनिटं मौन ठेवलं. दीड मिनिटानंतर कोणाचा तरी फोन वाजला आणि मौन आटोपलं असं सर्वानुमते ठरलं. 'वायुवेग'चं पत्र वाचलं गेलं. 'कामगाराने मेन स्विच बंद न करताच काम सुरू केले. चूक कामगाराची.' सोसायटीने पत्राला पाठिंबा दिला.

दुसऱ्या मजल्यावरच्या शालूताईंनी एक प्रश्न विचारला. एकच. "पण त्याच्या चपला खाली होत्या. माणूस अनवाणी जेवायला जातो का?"

"त्यांच्याकडे जात असतील," परचुरे काका म्हणाले.

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही हेही विसरलेलो नाही. न बोलणाऱ्यांत मी होतो.

मग मी म्हटलं, निदान कपाटाला कुलूप तरी लावू.

काका म्हणाले, "आत्ता कुलूप लावलं तर आधी लावायला हवं होतं असं होईल. चूक मान्य केल्यासारखं दिसेल."

बहुमताने कुलूप नामंजूर.

'वायुवेग'वाले परत आले नाहीत. नवा माणूस शोधायचं ठरलं, म्हणजे पुढच्या मीटिंगमध्ये ठरवायचं असं ठरलं. मार्च गेला. लिफ्ट तशीच चालत होती. कण्हत, गचके देत, दोन मजल्यांमध्ये विचार करत.

एप्रिलचा दुसरा मंगळवार.

मी घरी होतो. दुपारी अचानक फार शांत वाटलं. काय बदललंय ते आधी कळेना. मग कळलं...

लिफ्टचा आवाज येत नव्हता.

बंद नव्हती. चालू होती. वर-खाली जात होती. पण कण्हणं नाही, गचका नाही. जाळीचा दरवाजा तर असा सरकला की लोण्यातून सुरी जावी. वीस वर्षांत ती लिफ्ट अशी चालली नव्हती.

आत्या म्हणाली, "आला वाटतं नवा माणूस."

नवा माणूस आला नव्हता.

संध्याकाळी शालूताईंनी पाकिटातलं पुस्तक काढलं. एप्रिलची चिठ्ठी भरलेली होती. कडेला तेलाचा अंगठा. तेच बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

'तेल दिले. दोर तपासला. दरवाज्याचा खटका बदलला. मेन स्विचला कुलूप पाहिजे.'

खाली सही होतीच. जानेवारीतली. यज्ञेश्वर परचुरे.

तुम्हाला वाटेल आता बिल्डिंग हादरली असेल. त्याला शांत करायला काहीतरी केलं असेल, निदान कोणी लिंबू तरी टांगलं असेल. छे. तुम्ही आमच्या सोसायटीला ओळखत नाही. मे, जून, जुलै, तीन महिने तीन चिठ्ठ्या आल्या आणि लिफ्ट मख्खन झाली. तेव्हा ऑगस्टच्या मीटिंगमध्ये ठराव आला. इतिवृत्तात शब्दशः असा आहे: 'लिफ्टची सध्याची देखभाल समाधानकारक असल्याने नवीन कंपनी नेमण्याची आवश्यकता नाही. सध्याची व्यवस्था पुढे चालू ठेवावी.'

सध्याची व्यवस्था!

मेलेला माणूस, ज्याला यांनी मारलं, तो वर तेल देतोय. आणि हे त्याला मुदतवाढ देतायत.

तक्रार एकच होती. आवाज. दर दुसऱ्या मंगळवारी, एक वाजून सात मिनिटांनी, लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आपोआप थांबायची. दिवा जायचा. मग छतावर पावलं... मग स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज... आणि मग कोणीतरी खाली विचारल्यासारखं,

"मेन बंद हाये ना जी?"

थोड्या वेळाने लिफ्ट सुरू व्हायची. आत अडकलेल्याला काही इजा नाही, काही नाही. तरी काकांनी लिफ्टपाशी कागद लावला. 'दुपारी १ ते ४ या वेळेत दुरुस्तीचे काम करू नये. हुकुमावरून.'

भुताला. वामकुक्षीची वेळ पाळायला सांगितली.

सप्टेंबरच्या चिठ्ठीत उत्तर आलं. 'मेन स्विचला कुलूप पाहिजे.'

मी मात्र लिफ्ट वापरत नव्हतो. मार्चपासून एकदाही नाही. जिन्यानेच. लोक म्हणायचे, वा केदार, फिटनेस! माझं वजन चार किलो उतरलं. मीही म्हणायचो, हो ना, फिटनेस.

नम्रता पहिल्यांदा आली एप्रिलमध्ये. सुदर्शनची बायको. घरोघरी फिरून एकच मागत होती. "एवढंच लिहून द्या भाऊ, की त्यायनं मेन बंद केला होता. कंपनी म्हणते त्यायची चूक. ते चुकत नव्हते हो. बारा वर्सं या कामात होते."

काकांनी दार किलकिलं करून सांगितलं, सोसायटीने आपलं म्हणणं दिलेलं आहे. शालूताईंनी चहा दिला. लिहून दिलं नाही.

आमच्याकडे आली तेव्हा मी म्हणालो, मी कॉलवर होतो, कानात हेडफोन होते, मला काही ऐकू आलं नाही.

तिने मान हलवली. जाता जाता म्हणाली, "पाणी तुम्हीच देलं होतं ना? जेवायच्या आधी फोन करत मले रोज. सांगत होते, चौथ्या माळ्यावरच्या दादानं थंड पाणी देलं म्हनून."

आत्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती.

ऑगस्टमध्ये नम्रता पुन्हा आली. मी पुन्हा कॉलवर होतो.

आणि मग डिसेंबर. पुस्तकातली शेवटची चिठ्ठी.

त्या दिवशी दुसरा मंगळवार आहे हे माझ्या लक्षात होतं. आत्याच्या लक्षात नव्हतं, किंवा असेल. ती बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेली होती. मी घड्याळ बघत होतो. एक वाजून चार. पाच. गेटचा आवाज आला. लिफ्टचा दरवाजा सरकला. मी जिन्यात येऊन ओरडलो, "आत्या, थांब! लिफ्टमध्ये बसू नकोस!"

उशीर झाला होता.

एक वाजून सात. लिफ्ट थांबली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. चौथ्या मजल्यावरच्या जाळीतून खाली बघितलं तर लिफ्टचं छत दिसत होतं. हाताच्या अंतरावर.

छतावर कोणी नव्हतं.

एक डबा होता. उघडा. पोळी, कांदा, पिवळं काहीतरी. शेजारी माझी पाण्याची बाटली. निळ्या झाकणाची. मार्चमध्ये दिलेली. तिच्यावर अजून गार पाण्याचे थेंब होते.

आतून आत्याचा आवाज. "केदार, मी ठीक आहे. दिवा गेलाय फक्त."

आणि तिच्या बरोबर वरून, रिकाम्या छतावरून...

"मेन बंद हाये ना जी?"

माझ्या तोंडून हो निघणार होतं. आपण असे प्रश्न आले की हो म्हणतो. मग मला जाणवलं की मी कपाट बघितलेलंच नाही. मेन कोणी बंद केला असेल? कोणीच नाही. नऊ महिने तो हेच विचारत होता, आणि नऊ महिने वर-खाली जाणारे आम्ही सगळे काय करत होतो? अडकलेले लिफ्ट सुरू झाली की घरी जात होते, आणि मी जिन्याने जात होतो.

चार मजले मी कसे उतरलो माहीत नाही. कपाट उघडलं. मेन चालू होता. खटका वर.

मी खटका खाली ओढला. पाठ कपाटाला लावून उभा राहिलो. ओरडलो, "बंद आहे! सुदर्शन, आता बंद आहे!"

वर पाना वाजायला लागला. ठक... ठक... निवांत. कोणीतरी कामाला बसल्यासारखा.

आणि गेटमधून परचुरे काका आले. हातात भाजीची पिशवी. त्यांनी लिफ्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग सवयीने घड्याळाकडे.

"काय रे? चालू कर की. सव्वा वाजला."

"नाही."

"अरे, मंदाकिनीताई अडकल्यात ना आत?"

"आत आत्या आहे. वर तो आहे."

"वर कोणी नाही, केदार."

"मागच्या वेळीही तुम्हाला हेच वाटलं."

काकांचा चेहरा लाल झाला. "बाजूला हो. आपण सुशिक्षित माणसं आहोत." त्यांनी हात घातला. सरळ माझ्या खांद्यावरून, खटक्याकडे. पंचाहत्तरीच्या माणसाचं मनगट मी आयुष्यात पहिल्यांदा धरलं. जोरात धरलं. पिशवी पडली, टोमॅटो जिन्याखाली गेले.

"चपला दिसल्या होत्या ना काका?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "पाटी होती. वाचता येतं ना तुम्हाला? दुसऱ्यांच्या पाट्या वाचत नाही का तुम्ही? फक्त लावता?"

"आणि तू?" काका म्हणाले.

एवढंच. फार हळू म्हणाले.

वरचा पाना थांबला. जणू तोही ऐकत होता.

आता जे मी इतका वेळ फिरवून सांगितलं, ते सरळ सांगतो.

त्या मार्चमध्ये वरून ओरडणारा 'कुणीतरी' मी होतो. चौथ्यावर बटण दाबून उभा असलेला 'कोणीतरी' मी होतो. माझं पार्सल आलं होतं. लॅपटॉप ठेवायचा स्टँड. पार्सलवाला खाली उभा, ओटीपी मागत होता. चार जिने उतरायचा मला कंटाळा आला. मी अर्ध्या तासापूर्वी सुदर्शनला पाणी दिलं होतं. तो कुठे आहे हे बिल्डिंगमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण एक वाजून गेला होता. मलाही वाटलं, गेला असेल जेवायला. मी जिन्यात येऊन ओरडलो,

"काका, लिफ्ट कधी चालू होणार?"

खालून काका म्हणाले, "थांब, करतो."

लिफ्ट आली, तेव्हा माझं लक्ष जाळीकडे नव्हतं, मोबाईलमध्ये होतं. वर काहीतरी धप्प वाजलं. आमची लिफ्ट तशीच वाजायची. मी आत शिरलो. चौथ्यापासून तळापर्यंत त्याच लिफ्टने खाली आलो. तो माझ्या डोक्यावर होता. मी मोबाईलमध्ये ओटीपी शोधत होतो.

पार्सल घेतलं. वळलो. तेव्हा कपाटाशी चपला दिसल्या.

त्या स्टँडवर मी अजून काम करतो. पाठीला आराम पडतो.

डिसेंबरच्या त्या दुपारी मी आणि काका कपाटाशी समोरासमोर उभे होतो. काका जिन्याच्या पायरीवर बसले. मी मनगट सोडलं. त्यांनी पुन्हा हात घातला नाही.

मग वरून आवाज आला. "झालं जी. करा चालू."

मी मेन चालू केला. लिफ्ट अलगद खाली आली. आत्या बाहेर आली, घामाघूम, पण ताठ. तिच्या हातात डिसेंबरची चिठ्ठी होती. अंधारात पाकिटातून तिच्या हातात कशी आली, ते तिलाही सांगता येत नाही.

तेल, दोर, खटका यातलं काही लिहिलेलं नव्हतं. एकच ओळ होती.

'चौथ्या मजल्यावरून आवाज कोणी दिला?'

आत्याने ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"माझे गुडघे गेलेत, केदार. कान नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तीस वर्षं शिकवलं. पोरगा स्वतः उभा राहील म्हणून थांबायची सवय." मग तिचा आवाज फाटला. "नऊ महिने! लाज वाटते मला. तुझीही, माझीही."

त्याच संध्याकाळी मी वारज्याला गेलो. चार पानं लिहिली होती. पाणी दिलं इथपासून. मेन बंद होता, म्हणूनच लिफ्ट बंद होती, म्हणूनच मी ओरडलो. काकांचं नाव. माझं नाव. खाली माझी सही आणि साक्षीदार म्हणून आत्याची. नम्रताने उभ्या उभ्या सगळं वाचलं. एकेक ओळ. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी कागद असा वाचलेला मी बघितला नाही.

वाचून झाल्यावर तिने पानं घडी घातली. मला बसा म्हणाली नाही. पाणीही दिलं नाही.

"म्हंजे तुम्हीच," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बरोबरच केलं.

चौकशी पुन्हा उघडली आहे. काका आणि मी, दोघांनाही बोलावतात. कंपनीच्या कागदावरचं 'चूक कामगाराची' हे वाक्य अजून तिथेच आहे, पण आता त्याच्यासमोर माझी चार पानं आहेत. सोसायटीने मला नोटीस दिली आहे, बदनामी केल्याबद्दल. आणि 'सध्याची व्यवस्था' अजून चालू आहे. नवीन कंपनी नाही. मी दर मीटिंगला ओरडतो. ते इतिवृत्तात 'सभासदाने सूचना केली' असं लिहितात.

कुलूप मी लावलं. पितळी, चांगलं. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते. दर दुसऱ्या मंगळवारी मी रजा टाकतो. एकच्या आधी मेन बंद करतो, कपाटाला कुलूप घालतो आणि जिन्याच्या पायरीवर बसतो. वरून विचारणा होते. मी सांगतो, बंद आहे. काम झालं की चिठ्ठी येते. कोरं पुस्तक मीच ठेवलंय. सही मी करतो, काम झाल्यावर. वाचून. शेवटच्या ओळीत आता कुलपाचं काही नसतं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण परवाचा मंगळवार...

परवा त्या गोष्टीला वर्ष झालं. आत्या सकाळपासून तिच्या लेकीकडे कोथरूडला. चौथ्या मजल्यावर आमचंच एक घर, त्याला कुलूप. मी खाली पायरीवर. किल्ली मुठीत. मेन बंद, म्हणजे लिफ्टला वीज नाही. एक दिवाही लागू शकत नाही.

एक वाजून सात.

"मेन बंद हाये ना जी?"

"बंद आहे," मी म्हणालो.

ठक... ठक... पाना सुरू झाला.

आणि माझ्यासमोर, लिफ्टच्या बाहेरच्या पट्टीवर, चार नंबरचा लाल दिवा लागला.

चौथ्यावर कोणीतरी बटण दाबत होतं.

विझला. पुन्हा लागला. पुन्हा. पुन्हा. घाई असल्यासारखा.

वरचा पाना थांबला.

मग चौथ्या मजल्यावरून, जिन्याच्या पोकळीतून, कोणीतरी वाकून खाली ओरडलं.

"काका, लिफ्ट कधी चालू होणार?"

आवाज माझा होता.

मी उत्तर दिलं नाही. मूठ इतकी आवळली की किल्लीचे दात तळहातात रुतले. खूण अजून आहे.

पुढचा दुसरा मंगळवार एप्रिलमध्ये आहे. मी रजा टाकली आहे.